निपाम मायक्रोजेल: एसी नसलेल्या खोलीत बनवणं, फुगवणं, मोजणं (प्रकल्प नोंदी)

काम असं: पॉली-निपामचे (एन-आयसोप्रोपिलॲक्रिलामाइड, म्हणजे निपाम, याचे रेणू साखळीत जोडून झालेला पॉलिमर) साधारण अर्धा-पाऊण मायक्रॉनचे मऊ कण पाण्यात तयार करायचे, तापमानाबरोबर ते किती फुगतात-आकसतात ते मोजायचं आणि सस्पेन्शनमध्ये (पाणी आणि त्यात तरंगणारे कण) त्यांची हालचाल कशी बदलते ते बघायचं. हे कण ३२ अंशांच्या आसपास पाणी सोडून आकसतात. जागा नागपूर, महिने मार्च ते मे, खोलीला एसी नाही. म्हणजे दुपारी बाकावर ठेवलेली बाटली या ३२ च्या वर आणि पहाटे खाली. बहुतेक चुका इथूनच निघाल्या, म्हणून प्रत्येक नोंदीत तापमान आवर्जून दिलं आहे. सगळी तापमानं सेल्सिअसमध्ये.

१८ मार्च २०२४ – मोनोमरची सफाई

निपाम हा मोनोमर, म्हणजे साखळीचा सुटा दुवा. तो बाटलीतून काढून थेट वापरू नये. साठवणुकीत त्याच्या आपोआप साखळ्या होऊ नयेत म्हणून त्यात इनहिबिटर घातलेला असतो. १० ग्रॅम निपाम, १२० मिली हेक्झेन आणि १५ मिली टोल्युइन, गरम पाण्याच्या बाथमध्ये. खोलीत आच, हॉटप्लेटची उघडी कॉइल काहीही नको. हातमोजे हवेतच.

पहिल्या वेळी बाथ ६४ अंशांवर गेला. निपाम ६० च्या थोडं पुढे वितळतो, त्यामुळे विरघळण्याऐवजी तो तेलासारखा तळाशी जमला आणि थंड झाल्यावर पिवळट ढेकूळ झालं. इनहिबिटर त्यातच अडकला. पुन्हा ५० ला विरघळवलं, गरमच गाळलं, झाकून हळूहळू गार होऊ दिलं, मग रात्रभर फ्रिजमध्ये. पांढऱ्या सुया निघाल्या, ८.१ ग्रॅम. सुकवायला ओव्हन वापरू नका, साध्या तापमानाला व्हॅक्यूम द्या. २५ ग्रॅमची बाटली आम्हाला ₹६,८०० ला पडली, त्यामुळे सफाईत गेलेला पाचवा हिस्सा जाणवतो. पण इनहिबिटर ठेवून केलेली बॅच अख्खी जाते.

२१ मार्च – पहिली बॅच, वाया

पद्धत पेल्टन आणि सहकाऱ्याने १९८६ मध्ये दिलेली, साधी: मोनोमर पाण्यात विरघळतो, ७० अंशांना साखळी तयार झाली की ती पाण्यातून बाहेर पडते आणि कण बनतात.

१४५ मिली पाणी, निपाम २.२६ ग्रॅम, साखळ्या एकमेकींना बांधणारा क्रॉसलिंकर बिस-ॲक्रिलामाइड ०.१६ ग्रॅम (मोलमध्ये ५ टक्के), साबणासारखा एसडीएस १० मि.ग्रॅ. तीन तोंडांचा फ्लास्क, कंडेन्सर, ३०० आरपीएम. साखळी सुरू करणारा इनिशिएटर पोटॅशियम परसल्फेट ८१ मि.ग्रॅ., ५ मिली पाण्यात.

इनिशिएटर घातल्यावर पाच-दहा मिनिटांत फ्लास्क निळसर आणि मग दुधी व्हायला हवा. इथे ३४ मिनिटं काहीच नाही. नंतर दुधी झाला, पण ढवळणाऱ्या बीडभोवती रबरासारखा गोळा धरला. कारण सापडलं: नायट्रोजनची सुई पाण्याच्या दोन सेंटीमीटर वर होती, बुडबुडे पाण्यात जातच नव्हते. विरघळलेला ऑक्सिजन सुरुवातीचे सगळे रॅडिकल (साखळी सुरू करणारे इनिशिएटरचे तुकडे) खात बसला आणि कण एकाच वेळी जन्मण्याऐवजी सावकाश, वेगवेगळ्या वेळी जन्मले. ही बॅच फेकली नाही, खराब बॅच डीएलएसमध्ये (विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचा आकार काढणाऱ्या मशीनमध्ये) कशी दिसते ते बघायला ठेवली.

२३ मार्च – दुसरी बॅच

बदल फक्त तीन. सुई पाण्यात बुडवून ४५ मिनिटं नायट्रोजन, मग सुई वर ओढून पृष्ठभागावर हलका प्रवाह. इनिशिएटरच्या ५ मिली पाण्यातूनही १५ मिनिटं नायट्रोजन सोडला, हे बरेच जण विसरतात. आणि तापमान बाथचं न वाचता फ्लास्कच्या आतलं वाचलं. बाथ ७४ दाखवत होता तेव्हा आत ७०.

६ मिनिटांनी निळी झाक, ११ मिनिटांनी दूध. ५ तास चालवलं, ढवळतच गार केलं, ग्लास वूलमधून गाळलं. गोळा जवळजवळ नाही. दूध गार होताना बघावंसं असतं: ३४-३३ पाशी पांढरेपणा उतरतो आणि खाली फक्त निळसर धुकं राहतं. कण तेवढेच असतात, पण त्यात पाणी भरल्यामुळे प्रकाश फारसा विखुरत नाही.

कणांचा आकार बदलायचा असेल तर आधी एसडीएस बदला. तो जास्त घातला की कोवळे कण लवकर स्थिर होतात, संख्येने वाढतात आणि लहान राहतात.

२६ मार्च ते ५ एप्रिल – धुणं, सगळ्यात जास्त वेळ खाल्लेलं काम

डायलिसिस बॅग १२–१४ हजार कटऑफची (त्याहून जास्त रेणूभाराचं काही बाहेर जात नाही), बाहेर २ लिटर डिस्टिल्ड वॉटर, दिवसाला दोनदा बदल. चार दिवसांत बाहेरच्या पाण्याची कंडक्टिव्हिटी (त्यात क्षार किती याचं माप) ३ मायक्रोसिमेन्सच्या खाली आली, धुणं झालं असं वाटलं. झालं नव्हतं.

दुपारी बीकरमधलं पाणी ३५ अंश असायचं. त्या तापमानाला कण आकसलेले, आणि कणात न गुंफलेल्या सुट्या साखळ्याही पाण्याला नको झालेल्या, कणांनाच चिकटलेल्या. क्षार निघून गेले, म्हणून मीटर खूश, साखळ्या आतच. शिवाय मोठ्या साखळ्या त्या बॅगेतून एरवीही बाहेर पडत नाहीत.

मग सेंट्रिफ्यूज. कूलिंग नसलेल्या मशीनमध्ये ४० मिनिटं फिरवल्यावर नळी बाहेर काढली तेव्हा ३९ अंश! तळाशी पांढरी टणक वडी. ती गार पाण्यात ढवळून पुन्हा सुटी करायला दोन दिवस गेले. दुसऱ्या विभागातलं कूलिंगचं मशीन मिळालं: १५ अंश, १५,००० जी (गुरुत्वाच्या १५,००० पट), ६० मिनिटं. फुगलेला कण बहुतांशी पाणीच असल्यामुळे सावकाश बसतो, म्हणून कमी वेगाने काही होत नाही. तळाशी पारदर्शक, जेलीसारखा थर येतो; वरचं पाणी काढताना तो दिसत नाही आणि चुकून ओतला जातो. नळी काळ्या कागदासमोर धरा.

वरचं पाणी सुकवून पाहिलं: ४० मिलीत एकूण ६४० मि.ग्रॅ. घन होतं, त्यातले ५८ मि.ग्रॅ. वरच्या पाण्यात, म्हणजे ९ टक्के माल कणात नव्हताच. कुठे थांबायचं त्याची चाचणी सोपी: वरचं पाणी परीक्षानळीत घेऊन ४० अंशांच्या पाण्यात धरा. गढुळलं तर साखळ्या अजून आहेत. तिसऱ्या फेरीनंतर स्वच्छ राहिलं. डायलिसिस नंतर एकदा फ्रिजमध्ये, दोन दिवस.

९ एप्रिल – डीएलएस, पहिला दिवस

नमुना ०.०१ टक्का. आधी सवयीने ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून ढकलला. मऊ कण थोडे दबून पलीकडे जातात, बहुतेक अडकतात, आणि हाताला नुसता दाब लागतो. काउंट रेट (नमुन्याने विखुरलेला प्रकाश) दहाव्या हिश्शावर आला तेव्हा लक्षात आलं. पाणी ०.२२ मधून गाळा, नमुना ५ मायक्रॉनमधून, तेवढं पुरे. पाणी आधी डीगॅस करा, नाहीतर ४० च्या पुढे क्युवेटच्या (नमुना ठेवायच्या छोट्या पारदर्शक डबीच्या) भिंतीवर बुडबुडे धरतात.

पॉलिडिस्पर्सिटी (कणांच्या आकारातली तफावत, कमी तितकी चांगली): पहिली बॅच ०.३१, दुसरी ०.०६. नायट्रोजनच्या सुईचा फरक एवढा. यापुढे सगळं दुसऱ्या बॅचवर.

आलेले व्यास: २० अंशांना ७२१ नॅनोमीटर, ४० ला २१९, ४५ ला १९६, ५० ला १७८. आकारमानात ६६ पट फरक. आकडा आकर्षक होता, आणि चुकीचा.

१५ एप्रिल – चूक कुठे होती

शंका आली ती ४० नंतरच्या उतारामुळे. आकसून झाल्यावर कणाचा आकार जवळजवळ सपाट राहायला हवा. इथे तो ४० ते ५० मध्ये आणखी एकोणीस टक्क्यांनी घटत होता.

तपासायला २०० नॅनोमीटरचं पॉलिस्टायरिन लॅटेक्स (ठरलेल्या आकाराचे टणक कण) घातलं. ते तापवलं तरी फुगत नाही, आकसत नाही. २५ ला २०० बरोबर आलं, ५० ला १२३! म्हणजे दोष कणात नव्हता. सेटिंगमध्ये पाण्याची व्हिस्कॉसिटी (दाटपणा) ०.८९० वर गोठवलेली होती, ती २५ अंशांची. मशीन कण किती वेगाने थरथरतात ते मोजतं आणि आकार व्हिस्कॉसिटीने भागून काढतं. पाणी तापून पातळ झालं की कण जोरात हलतात. मशीनला पाणी पातळ झाल्याचं माहीत नसेल तर ते कणालाच लहान ठरवतं.

मोजणी पुन्हा करावी लागली नाही. आलेल्या आकाराला ०.८९० ने गुणायचं आणि त्या तापमानाच्या खऱ्या व्हिस्कॉसिटीने भागायचं. वापरलेले आकडे, मिलिपास्कल-सेकंदात: २० ला १.००२, ३० ला ०.७९७, ३५ ला ०.७१९, ४० ला ०.६५३, ४५ ला ०.५९६, ५० ला ०.५४७.

दुरुस्त व्यास: २० ला ६४०, ४० ला २९८, ४५ ला २९२, ५० ला २९०. आकारमानात पावणेअकरा पट. ६६ नव्हे.

ज्यांना हे करायचंय त्यांनी पहिल्या दिवशी पहिलं माप लॅटेक्सचंच घ्यावं, आणि ते दोन तापमानांना.

१८ एप्रिल – थांबायचं किती

डीएलएसमध्ये व्यास मोजण्याआधी प्रत्येक तापमानाला ३ मिनिटं थांबलो. तापवतानाची रेषा आणि गार करतानाची रेषा ३१ ते ३४ मध्ये वेगळ्या आल्या, जणू कणाला आठवण आहे. १२ मिनिटं थांबल्यावर दोन्ही एकमेकींवर बसल्या.

कण स्वतः फार चपळ असतो. फुगण्याचा वेळ त्रिज्येच्या वर्गाने वाढतो: सेंटीमीटरभर जेलच्या गोळीला दिवस लागतात, तिथे या कणाला मिलिसेकंदाहून कमी. आपण थांबतो ते क्युवेटमधल्या पाण्यासाठी. वळणाजवळ एका अंशात व्यास ७० नॅनोमीटर बदलतो, त्यामुळे पाणी अर्धा अंश मागे राहिलं तरी खोटा फरक उठतो.

या फेरीत व्हिस्कॉसिटी बरोबर लावून आलेले व्यास: २५ ला ६००, २८ ला ५६३, ३० ला ५२०, ३२ ला ४४०, ३३ ला ३७०, ३४ ला ३२५, ३५ ला ३१२, ३८ ला ३००.

२४ एप्रिल – मीठ

१०० मिलिमोलर मिठाच्या पाण्यात नमुना मिसळून बाटली बाकावर ठेवली, खोली ३८. तासाभरात तळाशी कापसासारखे पुंजके. तीच बाटली बर्फात ठेवून हलवली तर पुन्हा एकसारखं धुकं.

आकसलेल्या कणाला वेगळं ठेवते ती इनिशिएटरने साखळीच्या टोकाला सोडलेली सल्फेटची ऋण भारं. मीठ ती झाकून टाकतं, कण चिकटतात. फुगलेल्या कणाला पाणी भरलेल्या केसाळ कडेचा आधार असतो, त्याला भाराची तेवढी गरज नाही. म्हणून मीठ घालायचं असेल तर पिपेट, टिप, पाणी, बाटली सगळं आधी फ्रिजमधून काढा. गरम टिपमधून गार नमुना ओढला तर टिपेच्या आतच पांढरा थर दिसतो.

२ ते ८ मे – सूक्ष्मदर्शकाखाली हालचाल

डीएलएसच्या आकारावरून २५ अंशांना अपेक्षित डिफ्युजन (थरथरत कण किती वेगाने पसरतात त्याचं माप) ०.८२ चौरस मायक्रॉन प्रतिसेकंद. फेज कॉन्ट्रास्ट, सेकंदाला ३० फ्रेम्स, ट्रॅकपाय या सॉफ्टवेअरने कणांचा माग.

चेंबर: स्लाइड, दोन बाजूंनी दुहेरी टेपची पट्टी, वर कव्हरस्लिप. पहिल्यांदा नेलपॉलिशने सील केलं. त्याचा सॉल्व्हंट आत झिरपतो, कडेचे कण गोळा होतात. आणि कुठेतरी फट राहिली की सगळंच एका दिशेने वाहतं, आम्हाला सेकंदाला ३ मायक्रॉन मिळालं. व्हॅसलिन आणि मेण सम प्रमाणात वितळवून ब्रशने लावलं, वाहणं थांबलं.

खोली ३७ आणि नमुना हवा २५ ला, म्हणून स्टेजवर भोक पाडलेली ॲल्युमिनियमची पोकळ प्लेट आणि त्यातून फिश टँकच्या ₹३५० च्या पंपाने बर्फाचं पाणी. मे महिन्यात नागपूरची हवा कोरडी असते म्हणून काचेवर दव धरलं नाही. पावसाळ्यात हाच बेत धुक्याने फसेल.

पहिला आकडा १००× ऑइल ऑब्जेक्टिव्हने: ०.६९. अपेक्षेपेक्षा कमी. फोकस बघितला तर आपण काचेला लागून, जेमतेम अर्धा-पाऊण मायक्रॉनवर बघत होतो. कणाचा मध्य काचेपासून दोन त्रिज्यांवर असेल तर काचेला समांतर हालचाल पाव भागाहून जास्त मंदावते. फोकस ३० मायक्रॉन आत नेला. आकडा ०.९५. आता अपेक्षेपेक्षा जास्त!

दुसरी चूक पहिलीच्या आड लपली होती. ऑब्जेक्टिव्ह म्हणजे पितळेचा गोळा, तो खोलीच्या तापमानाला, म्हणजे ३७ ला. तेलाच्या थेंबातून तो थेट नमुन्याला ऊब देत होता. बारीक थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) चेंबरच्या आत सरकवलं: प्लेट २५.० दाखवते तेव्हा आत २८.४. त्या तापमानाला कण लहान आणि पाणी पातळ, हिशोब ०.९६ चा, मोजलेलं ०.९५. म्हणजे माप बरोबर होतं, तापमान चुकलं होतं. ४०× ड्राय ऑब्जेक्टिव्ह लावल्यावर फरक ०.४ अंशावर आला, तेवढी प्लेट खाली नेली. २५ ला आकडा ०.८१.

पहिल्या दिवशी काचेने घटवलेलं आणि उबेने वाढवलेलं जर योगायोगाने समान असतं तर दोन्ही चुका कायमच्या राहिल्या असत्या. म्हणून थर्मोकपल चेंबरच्या आतच, दुसरीकडे कुठेही नको.

३८ अंशांना पंप बंद, प्लेट हलकी तापवून, थर्मोकपल चेंबरमध्येच: २.२. अपेक्षा २.२४. २५ च्या तुलनेत पावणेतीन पट वेग; त्यातले दोन पट कण अर्धा झाल्यामुळे, सव्वापट ते दीडपटीच्या मधलं पाणी पातळ झाल्यामुळे, आणि नुसत्या उष्णतेमुळे फक्त चार टक्के.

१४ मे – केशनळीचा व्हिस्कोमीटर, कणात पाणी किती

बाथ २०.० अंशांवर, चिलर लावून. पाणी उतरायला १०१.४ सेकंद, ०.२ टक्के नमुना ११०.१, ०.५ टक्के १२५.५. कणांनी अडवलेल्या जागेमुळे द्रव किती दाट होतो ते सांगणाऱ्या आइन्स्टाइनच्या सूत्रातल्या २.५ च्या पदाला पुढचं वर्गाचं पद जोडून बसवल्यावर उत्तर: १ ग्रॅम कोरडा पॉलिमर २० अंशांना १६ मिली जागा अडवतो.

५० ला पावणेअकरा पट कमी, म्हणजे १.५ मिली. कोरडा पॉलिमर स्वतः ०.९ मिलीच्या आसपास. तेव्हा पूर्ण आकसलेल्या कणातही सुमारे ४० टक्के पाणी उरतं. ‘आकसला’ म्हणजे कोरडा झाला असं समजू नये.

आणि ६६ पट खरं धरलं असतं तर १ ग्रॅम पॉलिमर ०.२४ मिलीत मावायला हवा होता, जे शक्यच नाही. ही ₹० ची तपासणी एप्रिलमध्येच करता आली असती. सहा दिवस वाचले असते.

२० ते २९ मे – घट्ट सस्पेन्शन

सेंट्रिफ्यूजमधली जेली थोड्या गार पाण्यात सुटी करून ३.६ टक्के केलं (थोडा नमुना सुकवून तपासलं, नुसत्या हिशोबावर विसंबू नका). २० अंशांना कणांनी अडवलेली जागा ५८ टक्के. बाटली तिरकी केली तरी सावकाश सरकतं. ३८ ला तीच जागा ६ टक्के, दुधासारखं खळखळ वाहतं. याहून घट्ट करायचं तर हिशोबात १०० टक्क्यांच्या पुढेही जाता येतं, कारण कण मऊ आहेत, दबतात.

कण ओळीने रचले जाऊन स्फटिक व्हावेत यासाठी नुसतं गार करून भागलं नाही, सगळीकडे एकसारखं धुरकट राहिलं. ३६ पर्यंत तापवलं, आतले बुडबुडे जाऊ दिले, मग चिलरवर ३४ पासून २० पर्यंत तासाला एक अंश. सकाळी टॉर्च तिरका धरल्यावर २ मिमीच्या क्युवेटमध्ये स्फटिकाचे हिरवे-तांबडे दाणे चमकले, काही मिलिमीटरभर मोठे. क्युवेट हलवली की चमक विस्कटते, ठेवून दिली की काही तासांत परत येते.

२७ ला दुपारी वीज दोन तास गेली, बाथ ३५ वर चढला आणि सगळं दूध. वीज आल्यावर चिलरवर पुन्हा तोच उतार दिला. २८ ला पहाटे चमक परत होती, दाणे थोडे बारीक. २९ ला क्युवेटच्या तोंडावर पॅराफिल्म लावून ती फ्रिजच्या दारात ठेवली आहे; लेबलवर बॅच क्रमांक, टक्केवारी आणि व्यासाशेजारी तापमान: ‘६४० नॅनोमीटर, २० अंशांना’.